लांब पल्ल्याची लेन्स: किती एमएम, किती रुपये

हिवाळ्याची चाहूल लागली आणि उजनीच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरू लागले की ओळखीपाळखीतून मला फोन येऊ लागतात. मध्यंतरीचा एक फोन बारामतीकडच्या एका तरुण शिक्षकांचा होता. निकॉनची डी७५०० बॉडी, तिच्यासोबत आलेली साधी लेन्स आणि दोन वर्षं बाजूला टाकलेले सव्वा लाख रुपये. "सर, १५०-६०० घेऊ, की २००-५०० घेऊन तिला टेलिकन्व्हर्टर लावू? म्हणजे सातशे एमएम होतील ना?"

होतील. पण त्या सातशेंसाठी आणखी काय काय मोजावं लागतं, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. म्हणून मी त्यांना आधी दोन गोष्टी विचारल्या. फोटो कशाचे काढायचे आहेत? आणि दिवसाच्या कुठल्या वेळी? या दोन उत्तरांशिवाय लेन्स निवडली की पैसे चुकीच्या जागी जातात. असे गेलेले पैसे मी इतक्या जणांचे पाहिले आहेत, स्वतःचेही, की हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढावंसं वाटलं.

किमतींबद्दल आधीच सांगतो. पुढचे आकडे ढोबळ आहेत. सणासुदीची सवलत आणि डॉलरचा भाव यांनी ते बरेच खाली-वर होतात. दोन किमतींमधलं अंतर मात्र साधारण तेवढंच राहतं, आणि निर्णय त्या अंतरावरच करायचा असतो.

आधी अंतराचा हिशेब

सेन्सरवर प्राणी किती मोठा उमटेल हे काढायला शाळेतलं गणित पुरतं. प्राण्याची लांबी गुणिले लेन्सचे एमएम, भागिले अंतर. वाघाचं अंग शेपूट सोडून साधारण १.८ मीटर धरा. तो तीस मीटरवर आडवा उभा असेल, तर ३०० एमएमच्या लेन्समधून तो सेन्सरवर १८ मिलिमीटर लांब उमटतो. डी७५०० सारख्या क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर. म्हणजे पंचवीस-तीस हजारांच्या ७०-३०० लेन्समध्येही वाघ पाऊण चौकट भरतो. फुल फ्रेमवर ५०० एमएम लावले तर तो ३६ पैकी ३० मिलिमीटर व्यापतो. झाडं, पाणी, वाट काही उरतच नाही. व्याघ्र प्रकल्पात वाहनानं प्राण्यापासून किमान वीस मीटर लांब राहायचं असतं आणि वाघ दिसतो तोही पुष्कळदा वीस ते चाळीस मीटरवर, रस्त्यालगत. ताडोब्याला फक्त वाघासाठी जाणाऱ्यानं ६०० एमएमसाठी कर्ज काढायची काही गरज नाही.

आता खंड्याच्या कुळातला छोटा, तो निळा-नारिंगी पक्षी घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम सोळा-सतरा सेंटिमीटर. वीस मीटरवरून ६०० एमएमनं टिपला तरी तो सेन्सरवर पाच मिलिमीटरच होतो. १.४ एक्सचा कन्व्हर्टर लावला तर सात, २ एक्सचा लावला तर दहा. हेच दहा मिलिमीटर कन्व्हर्टर न लावता मिळवायचे असतील, तर वीस मीटरांचे दहा मीटर करायचे. त्याला एक रुपया लागत नाही आणि उजेडही कमी होत नाही. लागतो तो वेळ. पाण्याच्या कडेला जाळीदार कापडाआड दोन तास न हलता बसणं, गाडीतून न उतरता काचेतूनच टिपणं, उजनीकाठच्या भिगवणला नावाड्याला "इंजिन बंद करा, नुसतं वाहू द्या" म्हणणं. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत डबक्याशी गुपचूप बसलेल्या माणसाला स्वर्गीय नर्तक आठ-दहा मीटरवर अंघोळ करताना दिसतो, आणि तिथे ३०० एमएमसुद्धा पुरून उरतात.

माळरानावर मात्र हे चालत नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा किंवा इंदापूरकडच्या कडबनवाडीच्या गवतातलं खोकड तुम्हाला जवळ येऊ देत नाही, आणि तसा हट्ट आपण धरूही नये. तिथे ५००-६०० एमएमचा खरा उपयोग आहे. तुमची पाच ठिकाणं कोणती आणि तिथे प्राणी किती मीटरवर असतो, हे कागदावर लिहून काढा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सकाळचा उजेड

लेन्सवरचा दुसरा आकडा, एफचा, किमतीत सगळ्यात जास्त फरक पाडतो. ६०० एमएम, एफ/६.३ पर्यंतची झूम लेन्स दीड-दोन लाखांत मिळते. ६०० एमएम, एफ/४ ची लेन्स बारा-पंधरा लाखांना पडते. लांबी तीच. वरचे दहा-बारा लाख प्रामुख्यानं सुमारे सव्वा स्टॉप जास्त उजेडासाठी आहेत.

तो उजेड कधी लागतो? ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून पहाटेच्या फेरीला आत शिरता तेव्हा सागाच्या आणि बांबूच्या सावलीत पहिला तासभर फारच अंधुक असतं. समजा, एफ/५.६ वर, सेकंदाच्या ५०० व्या भागाच्या शटर स्पीडला तुम्हाला ३२०० आयएसओ लागतोय. आता १.४ एक्स कन्व्हर्टर लावला की एफ/५.६ चा एफ/८ होतो आणि आयएसओ ६४०० वर जातो. २ एक्स लावला की एफ/११ आणि १२८००. शिवाय एमएम वाढले की हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते, म्हणून शटर स्पीड वाढवावासा वाटतो आणि आयएसओ आणखी चढतो. कंपन थोपवणारी यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, पण ती चालत्या वाघाला थांबवत नाही.

हिवाळ्यातल्या भिगवणला सकाळी साडेआठनंतर परिस्थिती अगदी उलटी. उघडं पाणी, उघडं आकाश, पाठीशी ऊन. तिथे एफ/८ किंवा एफ/९ सुद्धा सहज चालतो, आणि पंधरा लाखांच्या लेन्सचा फोटो दीड लाखांच्या लेन्सच्या फोटोपेक्षा किती सरस, हे ओळखायला तज्ज्ञ लागतो. म्हणून वेळेचा प्रश्न मी आधी विचारतो. दाट जंगलात पहाटे जाणाऱ्यानं एमएम थोडे कमी घ्यावेत पण एफचा आकडा लहान ठेवावा. पाणथळीचे आणि माळाचे पक्षी टिपणाऱ्यानं एफकडे थोडा काणाडोळा करून एमएम घ्यावेत.

कोणत्या किमतीत काय

पन्नास हजारांच्या आत नवं घ्यायचं, तर क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर ७०-३०० किंवा ५५-२५० एवढाच पर्याय उरतो. या लेन्सना कमी लेखू नका. वर्षभर यांच्यावर काम केलेल्याला पुढची लेन्स नेमकी कुठली हवी हे कुणाला विचारावं लागत नाही.

साठ-सत्तर हजारांच्या टप्प्यात कॅनन मिररलेस वापरणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये आलेली आरएफ १००-४०० आहे. वजन अवघं ६३५ ग्रॅम. लांबच्या टोकाला तिचा एफ ८ होतो, त्यामुळे पहाटेच्या जंगलाची ही लेन्स नव्हे. पण गुडघे दुखणाऱ्या, सकाळी टेकडीवर पक्षी पाहायला जाणाऱ्या ज्येष्ठांना मी हीच सुचवतो. दोन किलोंची लेन्स घरी कपाटात राहते, सहाशे ग्रॅमची रोज बाहेर पडते. याच किमतीच्या आसपास कॅननची आरएफ ६०० एमएम एफ/११ देखील आहे, ९३० ग्रॅमची. तिचं ॲपर्चर कायम एफ/११ असतं, बदलताच येत नाही. ऊन असेल तरच तिचा विचार करा.

लाख-सव्वा लाखात सिग्माची १५०-६०० कन्टेम्पररी, टॅमरॉनची १५०-६०० जी-२ आणि मिररलेससाठी टॅमरॉनची १५०-५०० येते. निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांची लाडकी २००-५०० एफ/५.६ ही २०१५ ची लेन्स. पाचशेलाही एफ/५.६ कायम राहतो, हा तिचा खरा गुण. वजन मात्र ट्रायपॉडच्या कॉलरसकट २.३ किलो. तांदळाच्या दोन किलोंच्या पिशवीपेक्षा जड वस्तू जिप्सीत चार तास डोळ्याशी धरायची, असा विचार करून पाहा.

दीड ते सव्वादोन लाखांत मिररलेसचे आजचे मुख्य पर्याय आहेत. सोनीची २००-६०० (२०१९), निकॉनची झेड १८०-६०० (२०२३) आणि कॅननची आरएफ २००-८०० (२०२३). तिघींचंही वजन दोन किलोंच्या आगेमागे, तिघींच्याही पुढच्या काचेला ९५ एमएमचा फिल्टर. सोनी आणि निकॉनच्या या दोन लेन्स झूम करताना बाहेर लांबत नाहीत. उन्हाळ्यात ताडोब्याच्या मातीच्या रस्त्यावर पुढच्या जिप्सीचा धुरळा अंगावर घेतलेल्याला याचं मोल कळेल, कारण लांबणाऱ्या नळीवर बसलेली धूळ नळी आत घेताना तिच्यासोबत आत जाऊ शकते. कॅननच्या २००-८०० ला आठशे एमएम मिळतात, पण तिथे एफ/९ होतो. म्हणजे भिगवणला आनंद आणि पहाटेच्या सागवनात ओढाताण.

अडीच-तीन लाखांत कॅननची आरएफ १००-५००. कॉलरशिवाय १३७० ग्रॅम, प्रवासाला उत्तम. त्यापुढे चार-सहा लाखांत निकॉनच्या हलक्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्स, ६०० एमएम एफ/६.३ आणि ८०० एमएम एफ/६.३, येतात. ६०० वाली कॉलरसकट दीड किलोच्या आतच आहे. वजन आणि दर्जा यांचा असा मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. छंदापायी एवढे पैसे सहज घालू शकणाऱ्याला मी हीच सांगेन. दहा-पंधरा लाखांच्या लेन्सवर मी लिहीत नाही. त्या घेणाऱ्यांना त्या कशासाठी हव्या हे पक्कं ठाऊक असतं, आणि नसेल तर घेऊ नयेत.

टेलिकन्व्हर्टर

बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं हे भिंगांचं छोटं नळकांडं. लेन्सनं तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग ते मोठा करून सेन्सरवर टाकतं. नवीन तपशील ते निर्माण करत नाही. लेन्सनं जे दिलं तेच फुगवतं, तिच्या दोषांसकट. कंपनीच्या अस्सल कन्व्हर्टरला चाळीस ते साठ हजार पडतात.

मी स्वतः पहिली मोठी चूक इथेच केली. हाताशी ७०-३०० लेन्स होती. एका दुकानातून दुसऱ्याच कंपनीचा २ एक्स कन्व्हर्टर "याच्यावर चालतो" या शब्दावर घेतला. चालला, म्हणजे बसला. सहाशे एमएम झाले, एफ ११ च्याही पुढे गेला, आणि माझ्या डीएसएलआरचा ऑटोफोकस काही केल्या बसेना. समोर फांदीवर सर्पगरुड दहा मिनिटं बसला होता. त्याचा एकही फोटो मला धड मिळाला नाही, आणि त्याचं वाईट अजून वाटतं. कन्व्हर्टर आठवड्यानं परत न्यायला गेलो तर दुकानदारानं निम्मे पैसे देऊ केले.

बहुतेक डीएसएलआर एफ/५.६ पर्यंत बिनधास्त फोकस करतात. काही चांगल्या बॉडी एफ/८ पर्यंत जातात, तेही मधल्या मोजक्या बिंदूंवर. म्हणून डीएसएलआर असेल तर गणित असं: एफ/४ च्या लेन्सवर १.४ एक्स ठीक, एफ/५.६ वर १.४ एक्स काठावर, एफ/६.३ वर काहीही लावू नका. मिररलेस बॉडींनी ही मर्यादा जवळपास मोडून काढली आहे. एफ/११ ला सुद्धा त्या डोळा शोधतात. पण मंद उजेडात त्याही चाचपडतात, आणि आयएसओचं गणित त्यांच्यासाठीही बदलत नाही.

मग कन्व्हर्टर घ्यावा कुणी? मला एक वर्ग अगदी स्पष्ट दिसतो: लग्नाचे फोटो काढणारे. तालुक्या-तालुक्यात यांच्याकडे ७०-२०० एफ/२.८ लेन्स असते. तिच्यावर २ एक्स लावला की १४०-४०० एफ/५.६ होते. सीझन संपला की पन्नास हजारांत जंगलाची लेन्स तयार, आणि पुढच्या लग्नाला कन्व्हर्टर काढून ठेवायचा. अशा फोटोग्राफरला नवी दीड लाखाची झूम घ्यायला मी सांगणार नाही. दुसरा वर्ग ३०० एफ/४, ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४ प्राइमवाल्यांचा. या लेन्सच्या दर्जात एवढी शिल्लक असते की १.४ एक्सनं झालेली घट जाणवत नाही. निकॉननं तर काही महागड्या लेन्समध्ये कन्व्हर्टर आतच बसवला आहे; एक खटका दाबला की आत-बाहेर.

दीड-दोन लाखांच्या झूमवर १.४ एक्स लावावा का? माझं मत आहे, आधी क्रॉप करून पाहा. १.४ पट मोठं करणं म्हणजे फोटोचा निम्मा भाग कापणं. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीत कापल्यानंतरही २३ मेगापिक्सेल उरतात, डी७५०० च्या वीसमधले दहा. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला पावणेनऊ पुरतात. फोनवर आणि स्पर्धेच्या पडद्यावर पाहण्यासाठी तर ते भरपूर झाले. वरून उजेड एक स्टॉप जास्त आणि फोकस चपळ. पन्नास हजार खर्च करून मिळालेला तपशील याहून सरस आहे का, हे एकाच फांदीचे दोन्ही तऱ्हेनं फोटो काढून, शेजारी ठेवून तपासा. २ एक्स तर झूमवर मी सहसा सुचवतच नाही.

आणि उन्हाळा. यावर कोणी पुरेसं बोलत नाही. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात जमिनीलगतची हवा तापते, थराथरानं हलते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडा होत राहतो. पाणवठ्यापलीकडे ऐंशी मीटरवर बसलेल्या वाघाचे पट्टे मग तुपकट दिसतात. लोकांना वाटतं लेन्स बिघडली; ती घेऊन थेट सर्व्हिस सेंटर गाठतात. लेन्स ठीक असते. ही थरथर कुठल्याच किमतीची लेन्स पुसू शकत नाही, आणि कन्व्हर्टर तीच मोठी करून दाखवतो. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर लांबचा फोटो मनासारखा येणार नाही हे धरूनच चाला.

घेण्याआधी जुळणी तपासा, कारण इथे परतावा मिळत नाही. कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर डोकावते, त्यामुळे ज्या लेन्सला मागे तेवढी पोकळी नाही तिला तो बसवताना काच आपटू शकते. कंपनीच्या यादीत तुमच्या लेन्सचं नाव असेल तरच घ्या. कॅननच्या आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर फक्त ३०० च्या पुढे बसतो. १०० ते ३०० गमावता आणि लेन्स पूर्ण मिटतही नाही, म्हणजे बॅगेत जागा जास्त. सोनी बॉडीवरच्या सिग्मा आणि टॅमरॉन लेन्सना टेलिकन्व्हर्टरची सोयच नाही. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्स एफटीझेड ॲडॅप्टरनं झेड बॉडीवर चालतात, पण झेडचा कन्व्हर्टर त्यांना चालत नाही. जुना एफ माउंटचा कन्व्हर्टरच ॲडॅप्टर आणि लेन्सच्या मध्ये लावावा लागतो. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सबाबतही असंच आहे.

एक छोटी सूचना. चालत्या जिप्सीत कन्व्हर्टर लावू-काढू नका. सेन्सर उघडा, कन्व्हर्टर उघडा, वर धुरळा. लावायचा की नाही ते खोलीवरच ठरवा.

जुनी लेन्स घेताना

आज वापरलेल्या लेन्सच्या बाजारात गिऱ्हाइकाची चांदी आहे. लोक मिररलेसकडे वळल्यानं डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स निम्म्या-पाऊण किमतीत निघत आहेत. सिग्मा १५०-६०० पन्नास-साठ हजारांत, निकॉन २००-५०० साठ-पंच्याहत्तरमध्ये, कॅननची जुनी ४०० एमएम एफ/५.६ पन्नासच्या आसपास दिसते. ही शेवटची लेन्स १९९३ ची, कंपन थोपवणारी यंत्रणा तिच्यात नाही, पण उडणाऱ्या पक्ष्यांसाठी तिच्यावर आजही विश्वास ठेवणारे जुने जाणते आहेत.

सौद्याला जाताना स्वतःची बॉडी आणि एक टॉर्च न्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, तिथून उठा. मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये हे फार आढळतं. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स उघडलेली आहे. सगळ्यात लांब एमएमवर, पूर्ण उघड्या ॲपर्चरला वीस-पंचवीस मीटरवरच्या पाटीचे दहा फोटो काढा आणि मोठे करून पाहा. दहापैकी आठ तरी स्वच्छ हवेत. कंपन थोपवणारं बटण चालू-बंद करून कान द्या, हलकी गुणगुण ठीक, खडखड नको. मूळ बिल आणि लेन्सवरचा सिरियल नंबर जुळवा. बिलच नसेल तर लेन्स चोरीची असू शकते, मग किंमत कितीही गोड वाटो.

नव्या लेन्सवर १८ टक्के जीएसटीसकट पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या. दहा-पंधरा हजार कमी सांगणारा विक्रेता बहुतेकदा बाहेरून आणलेली लेन्स देतो, आणि तिच्या दुरुस्तीला इथली कंपनी नकार देऊ शकते. दोन लाखांच्या वस्तूत एक मोटर गेली की वाचवलेले पैसे त्यातच जातात. "नो कॉस्ट" हप्त्यांत व्याज सवलत म्हणून वळतं केलेलं असतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. रोख किमतीत किती सूट देता, हे आधी विचारा.

भाड्यानं

वर्षात दोनदाच जंगलात जाणाऱ्यानं मोठी लेन्स विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत १५०-६०० वर्गातली लेन्स दिवसाला हजार ते दोन हजारांत मिळते. एफ/४ च्या प्राइमचं भाडं त्याच्या कितीतरी पट. चार दिवसांच्या सहलीला सहा-सात हजार धरा. वर्षाला दोन सहली म्हणजे चौदा हजार. दीड लाखाची लेन्स वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि तोवर माउंटच बदललेला असेल. ओळखपत्र आणि अनामत लागते. लेन्स हातात घेताना तिचा सगळीकडून व्हिडिओ काढा, नुकसान झाल्यास किती भरायचं ते लेखी घ्या. विकत घेणार असाल तरीही आधी दोन दिवस भाड्यानं आणून पाहा. दोन किलो हातात धरवतात की नाही हे इंटरनेटवर वाचून कळत नाही.

लेन्सच्या पलीकडचा खर्च

जिप्सीत ट्रायपॉड उघडता येत नाही. तिथे बीन बॅग लागते, हजार-दीड हजारांची. रिकामी न्या आणि गावात तांदूळ किंवा हरभरा भरून घ्या. परतताना धान्य गाईडच्या घरी देता येतं. नागपूरला विमानानं जाणार असाल तर हातातल्या सामानाला सात किलोंची मर्यादा असते. दोन किलोंची लेन्स, बॉडी, लॅपटॉप आणि खुद्द बॅग मिळून ती ओलांडायला वेळ लागत नाही.

पुढच्या काचेवर ९५ एमएमचा यूव्ही फिल्टर दुकानदार आग्रहानं लावतो. स्वस्त फिल्टरनं लांब लेन्सचा रेखीवपणा मरतो, आणि चांगला पाच-सात हजारांचा पडतो. मी लावत नाही. लेन्ससोबत आलेला हूड कायम चढवलेला ठेवतो. ते पैसे पावसाळ्यासाठी ठेवा. कोकण, मुंबई, गोवा इथे राहत असाल तर सात-दहा हजारांचं ड्राय कॅबिनेट चैन नाही, गरज आहे. आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवा. देशावर हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. लेन्स कापडी बॅगेत बंद करून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट.

शिक्षकांना मी आणखी एक काम सांगितलं होतं. गेल्या वर्षभरातले स्वतःला आवडलेले पन्नास फोटो काढा आणि त्यांची माहिती पाहा: किती एमएम, किती आयएसओ. आठवड्यानं त्यांचा फोन आला. त्यांची लेन्स १४० एमएमलाच संपते, त्यामुळे बहुतेक फोटो त्या टोकाचे होते, ते अपेक्षितच होतं. पण आयएसओ पाहून ते चमकले होते. निम्म्याहून जास्त फोटो सकाळी आठच्या आत, झाडीत काढलेले, आयएसओ ३२०० च्या वर. कन्व्हर्टर तिथेच बाद झाला आणि एफ/६.३ वाली ६०० सुद्धा.

शेवटी त्यांनी वापरलेली २००-५०० घेतली, बिलासकट, अडुसष्ट हजारांना. बीन बॅग बाराशे. हवाबंद डबा, सिलिका जेल, मापक मिळून नऊशे. सव्वा लाखातले जवळपास पंचावन्न हजार उरले. त्यांतून जानेवारीत भिगवणच्या तीन सकाळी, नावाड्याचे आणि मुक्कामाचे पैसे धरून, आणि मार्चमध्ये ताडोब्याच्या चार फेऱ्या ठरल्या आहेत. जिप्सी सहा जणांत वाटून, मधल्या वारांना, म्हणजे शनिवार-रविवारचा जादा दर लागत नाही. मंगळवारी ताडोबा बंद असतो, म्हणून बुधवारपासून.